पाचवी पायरी

जुन्या इमारती दुरुस्त करणाऱ्यांची एक पंचाईत असते. मापं ड्रॉइंगवर उतरतात, पण किस्से उतरवायला ड्रॉइंगमध्ये जागाच नसते! ते डोक्यातच साठत जातात. नाशिकच्या आमच्या छोट्याशा ऑफिसात सगळ्यात जास्त किस्से एकाच घराने दिले. ते म्हणजे नांदगावच्या बाजूच्या एका खेड्यातला पाद्रीबाबाचा बंगला.

पणजोबांच्या काळात कुणा गोऱ्या पाद्र्याने बांधलेला. काळ्या दगडाचा, कौलारू, पुढे ऐसपैस ओटा. आता तिथे चर्चचे पाळकसाहेब आणि त्यांच्या पत्नी रूथवहिनी राहतात. चर्चच्या कमिटीचे अध्यक्ष शांतवनकाका मूळचे याच गावचे, पण राहायला नाशिकला गंगापूर रोडला. पहिल्या दिवशी ते गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत. काच खाली करून म्हणाले, "मी या घराची पायरी कधी चढलो नाही आणि चढणारही नाही. पाडा आणि हॉल बांधा!"

कमिटीतल्या बाकीच्यांनी गळ घातली, तेव्हा तीन महिने मिळाले. ओटा आणि पुढची खोली दुरुस्त करून दाखवायची. पटलं तर घर राहील, नाहीतर जेसीबी. मला ते घर बघताक्षणी आवडलं होतं, त्यामुळे काकांचा मनापासून राग आला.

* * *

पहिला दिवस मापं घेण्यात गेला. मी टेपचं एक टोक धरलेलं, माझी पार्टनर मेघना दुसरं. शेजारचे बाळूभाऊ कुंपणापाशी उभे राहून तासभर बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर बाळूभाऊंनी रस्त्यावर आलेली आपली पत्र्याची शेड स्वतःच तीन फूट मागे घेतलेली!

"अहो भाऊ, आम्ही रस्तावाले नाही. फक्त हे घर मोजतोय," मी म्हटलं.

"आसंल. पर टेप लावून मोजलं की काय तरी जातंच. लय बघितलंय!"

त्यानंतर त्या रस्त्यावरून ट्रॅक्टर सुखाने वळायला लागले.

* * *

भिंती अडीच फूट जाडीच्या. आतल्या खोलीत मोबाइलला रेंज नाही म्हणजे नाहीच. पाळकसाहेब रविवारचं प्रवचन लिहायला शनिवारभर तिथे बसायचे. मेघना भारावून म्हणाली, "किती एकाग्रता आहे हो त्यांची!"

"एकाग्रता कसली?" वहिनी म्हणाल्या. "कमिटीवाल्यांचे फोन लागत नाहीत तिथं!"

* * *

बैठकीच्या खोलीत चक्क शेकोटी होती, भिंतीत बांधलेली, वर धुराड्यासकट. आणि बाहेर नांदगावचा मे महिना! त्या गोऱ्या साहेबाने मायदेशातला नकाशा जसाच्या तसा आणला असणार.

आमचे चुन्याचे मिस्त्री रफिकचाचा मालेगावचे. त्यांनी टॉर्च घेऊन आत डोकं घातलं आणि ओरडले, "साब, धुराचा एक दाग नाय! कभी पेटलीच नाय ही!"

त्या शेकोटीत आजवर कोंबड्या राहिल्या, गॅसचा सिलिंडर राहिला, नाताळात गव्हाणीचा देखावा असायचा. आता तिथे वहिनींचं मांजर झोपतं, कारण धुराडं खोलीतली गरम हवा वर ओढून घेतं आणि घरातली सगळ्यात गार जागा तीच.

"साहेबाला कळलं नाही त्यानं काय बांधलं ते," वहिनी म्हणाल्या. "मांजराला कळलं."

* * *

चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर घालतात, म्हणजे गिलावा घट्ट धरतो. रफिकचाचांनी गुळाची ढेप मागवली. आठवड्यात ढेप अर्धी झाली आणि भिंत मात्र होती तिथेच!

रोज चारला वहिनींची शेंगदाण्याची चिक्की यायची. आम्ही सगळे मिटक्या मारत खायचो, चाचा सगळ्यात जास्त. ढेपेचा उलगडा झाला तेव्हा त्यांनी हात जोडले. "वहिनी, भिंतीच्या तोंडचा घास आपण खाल्ला!"

"मग भिंत पडली तर सांगा, तिलाही चिक्की देते!"

* * *

आता पायरीचं सांगतो.

ओट्याला सात पायऱ्या. त्यातली पाचवी बाकीच्यांपेक्षा चार बोटं उंच. का, ते त्या साहेबालाच ठाऊक. पहिल्या दिवशी मी तिथे ठेचकाळलो, मग मेघना, मग कुरिअरवाला. घरच्यांचा पाय मात्र न बघता बरोबर उचलला जायचा. घराला बेल नव्हती. धप्प आवाज झाला की वहिनी स्वयंपाकघरातून विचारायच्या, "कोण पाहुणं आलं?"

रफिकचाचांनी लेव्हल लावून सातही पायऱ्या एकसारख्या केल्या. मी फोटोबिटो काढले.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब चर्चमधून आले आणि पाचव्या पायरीवर चारी हातापायांवर! मग दूधवाला, मग वहिनी स्वतः. कुरिअरवाला तेवढा झोकात वर चढला आणि दहा मिनिटं दारात उभा राहिला, कारण तो आल्याचं घरात कुणाला कळलंच नाही.

चार दिवसांत वहिनींनी नियम फिरवला. धप्प झालं की आता विचारायच्या, "घरचं कोण आलं?"

मग निकालाची मीटिंग आली. कमिटी ओट्यावर खुर्च्या टाकून बसली. वहिनी आत चहा टाकत होत्या. शांतवनकाकांची गाडी थांबली. एका बगलेत हॉलच्या नकाशाची गुंडाळी, दुसऱ्या हातात कानाला लावलेला फोन. बोलत बोलत, खाली न बघता चढायला लागले. एक, दोन, तीन, चार...

पाचव्या पायरीला काकांनी पाय चार बोटं जास्त उचलला.

धप्प!

फोन एकीकडे, काका एकीकडे, आणि नकाशाची गुंडाळी गडगडत खाली अंगणात. आतून वहिनींचा आवाज आला, "घरचं कोण आलं?"

काका तिथेच, पाचव्या पायरीवर बसले. तळव्यांची माती झटकली. पायरीच्या कडेवरून एकदा हात फिरवला. मग रफिकचाचांकडे बघून गरजले,

"कुणी हात लावला रे हिला? उद्याच्या उद्या होती तशी पाहिजे मला!"