नाव नसलेला बॅनर
फ्लेक्सच्या शाईचा वास आला की उल्हासनगरच्या दुकानातली ती सकाळ आठवते. आठवीत शाळा सोडून यवतमाळकडून आलेल्या मला बॅनरवाल्या दादांनी कॉम्प्युटरवर बसवलं, याचेच मला उपकार वाटायचे. आमच्या दोन्ही कॉम्प्युटरना एकच शेअर फोल्डर होता. गिऱ्हाइकांचे फोटो मी त्यात टाकायचे आणि दादा पलीकडे बसून त्यांचे बॅनर करायचे. आदल्या दिवशी बाबांचा फोटो मोठा करून बघायला मी मोबाइलमधून कॉम्प्युटरवर घेतला होता, तो त्यातच राहिला. सकाळी फोल्डर उघडला तर बाबांच्या फोटोला हार, बाजूला समई आणि वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. गावाहून दुकानात निरोप आला असणार, असंच वाटलं. तेवढ्यात दादा म्हणाले, “अगं, या पार्टीने नाव नाही दिलं. काय टाकू?” “माझे बाबा आहेत ते,” एवढंच बोलले. दादांचा चेहरा उतरला. “म्हातारा माणूस, नुसता चेहरा... मला वाटलं श्रद्धांजलीचंच काम असेल. तू आधी घरी फोन लाव!” त्यांनी स्वतःचा मोबाइल माझ्या हातात कोंबला. बाबांनीच उचलला. “काऊन वं, रडून रायली का?” आता रोज कॉम्प्युटर सुरू करायच्या आधी मी त्यांना फोन करते. कशासाठी, ते अजून सांगितलेलं नाही. “रोज काय इचारतं वं? मी आहो ना,” ते वैतागतात, “तू काम कर.”