आमचा गुरुवार

आमच्या पशुखाद्याच्या कारखान्यात मळीचा वास सगळीकडे असतो. तो केसांत बसतो, डब्यातल्या चपातीला लागतो, आणि संध्याकाळी निरवांगीला घरी पोचले की आई दारातूनच म्हणते, “आधी अंघोळ.” त्या वासाची मला कधी किळस वाटली नाही. किळस वाटायची ती त्यावर मारलेल्या गुलाबाच्या स्प्रेची. पुण्याहून विजेचा सल्लागार यायचा असला की मॅनेजर सर मीटिंगच्या खोलीत तो स्प्रे मारायला लावायचे. मळी आणि गुलाब एकत्र झाले की जे काही तयार व्हायचं, ते दोनदा अंघोळ करूनही जायचं नाही.

मी बारामती एमआयडीसीत त्या कारखान्याच्या ऑफिसात काम करते. टायपिंग, फाइली, ईमेल. इंग्रजी माध्यमात शिकले म्हणून घेतलं, असं मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी फार बोलत नाही. शाळेत मराठी शब्द निघाला की बाई रागवायच्या, घरी इंग्रजी निघाला की चुलत भावंडं नक्कल करायची. दोन्हीकडे गप्प बसणं सोपं पडलं. पुढं त्याची सवय झाली, आणि लोक तिला समजूतदारपणा म्हणू लागले.

मालकांनी त्या वर्षी ठरवलं की सरकारी कंपनीची वीज सोडून खाजगी कंपनीची घ्यायची. आमच्याएवढ्या मोठ्या ग्राहकाला तशी मुभा आहे. शेजारच्या दोन कारखान्यांनी घेतली होती, म्हणून आपणही. सल्लागार त्या कंपनीशी करार जुळवून देणार होता. पहिल्या मीटिंगला मॅनेजर सरांनी तात्यांनाही बोलावलं. तात्या म्हणजे आमचे जुने इलेक्ट्रिशियन. कारखाना उभा राहिला तेव्हापासूनचे. गोळी पेंडेची मशीन सुरू झाली की नुसत्या आवाजावरून ते सांगायचे, “आज सरकी वली आलीया, मोटार वढतीया.” मग जाऊन बघावं तर खरंच सरकी ओली.

सल्लागार समजावून सांगत होता की आता आपली वीज दुसरीकडून येणार. तात्यांनी खुर्चीच्या अगदी कडेवर बसून विचारलं, “तार नवी टाकणार?”

“नाही, तीच.”

“खांब?”

“तेच.”

“मग वीज दुसऱ्याची हाय हे मोटारीला कसं कळायचं?”

मॅनेजर सर हसले. सल्लागारही हसला आणि तेच पुन्हा सांगू लागला. शेवटी तात्यांनीच सोडवलं. “म्हंजी कालव्यावानी म्हणा की. पाणी समद्यांचं एकातच. पाळी कुणाची, ती पाटकरी सांगणार. आन् पाळीला रानात माणूस नसला तर पाणी चाललं वढ्याला.”

“बरोबर!” सल्लागार म्हणाला. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाला, “या जुन्या लोकांना सगळं चमच्यानं भरवावं लागतं, नाही का?” तात्या त्याच्याकडे बघत होते, काहीतरी चांगलं बोलला असेल अशा चेहऱ्यानं. त्या खोलीत ते वाक्य नीट कळलेली मी एकटी होते, कारण मॅनेजर सर फोनवर बोलायला बाहेर गेले होते. सल्लागार माझ्याकडे बघून हसला.

मी पण हसले.

ते हसू मला नंतर फार दिवस पुरलं.

त्या दिवशी त्याच्यासमोर आमच्याकडची डाळिंबं ठेवली होती. सोलून, वाटीत. सोललीही मीच. तो दाणे चावून चोथा बशीत टाकत होता, आणि बोटं पुसायला कागद हवा म्हणून त्यानं कराराच्या मसुद्याचं शेवटचं पान ओढलं. नंतर ते डागाळलेलं पान मीच परत छापलं.

करारासाठी कारखाना कुठल्या दिवशी किती वीज घेतो ते लिहून द्यायचं होतं. उद्या किती लागणार ते आज कळवायचं, त्याप्रमाणे खाजगी कंपनी वीज सोडणार. सोडलेली वापरली नाही तरी तिचे पैसे लागणार, आणि कमी पडली तर वरची सरकारी कंपनीकडून महाग दरानं घ्यायची. रोज कळवण्याचं काम सल्लागाराचंच ऑफिस करणार होतं, करारातल्या आठवड्याच्या तक्त्यावरून. तात्यांनी दोन दिवस खपून तो तक्ता करून दिला. वहीचं पान, सात ओळी, मराठी आकडे, जाड पेन्सिल. पहिली ओळ शुक्रवारची, शेवटची गुरुवारची, आणि तिच्यापुढं ‘बंद’.

आमचा आठवडा शुक्रवारीच सुरू होतो. गुरुवारची सुट्टी पूर्वी विजेची टंचाई होती तेव्हा पडलेली. टंचाई गेली, वार राहिला. बारामतीचा बाजारही गुरुवारचा, त्यामुळे तो वार कुणाला बदलावासा वाटला नाही. पगाराचं, हजेरीचं, तेलपाण्याचं सगळं शुक्रवार ते बुधवार. तात्यांनी वार लिहिले होते ते एकेका अक्षरात. शु, श, र, सो. आम्हाला ते वाचायला काहीच अडत नव्हतं.

सल्लागारानं त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला आणि निघून गेला. आठवड्याभरानं करार आला, पस्तीसेक पानांचा, मागे इंग्रजी तक्ता जोडलेला. मॅनेजर सर म्हणाले, “वाचून ठेव.” मी वाचला. तक्त्यात तात्यांचे आकडे ओळीनं जसेच्या तसे होते, फक्त पहिली ओळ सोमवारची झाली होती. साहजिकच शेवटची, ‘बंद’ची, रविवारची. त्याला ती अक्षरं लागली नव्हती आणि त्यानं कुणाला विचारलंही नव्हतं. जगात सगळ्यांचा आठवडा सोमवारीच सुरू होतो.

मी समासात पेन्सिलीनं बारीक लिहिलं, ‘गुरुवार?’ एवढंच. आणि करार फाइलला लावला. मला वाटलं, सही करण्याआधी कुणीतरी बघेल. सह्यांच्या दिवशी खोलीत पुन्हा गुलाब मारलेला होता. मॅनेजर सरांनी मालकांसमोर विचारलं, “नीट वाचलंस ना सगळं?” माझ्या तोंडाशी आलं होतं. सल्लागार घड्याळ बघत होता. मी म्हणाले, “हो सर.”

सह्या झाल्या. पेढे वाटले. मालक पेनाला टोपण लावत म्हणाले, “इंग्रजी माध्यमाचा हा फायदा.”

पुढचा महिनाभर दर गुरुवारी आमच्या नावावर भरपूर वीज सुटत राहिली आणि कारखान्याला कुलूप होतं. दर रविवारी सगळ्या मशीन चालू आणि नावावर वीज शून्य. हे बिल आलं तेव्हा कळलं. मालकांचा आवाज पार गोडाऊनपर्यंत ऐकू गेला. दुपारी मॅनेजर सर आणि सल्लागार फोनवर पाऊण तास बोलले, आणि मग सरांनी मला एक पत्र टाइप करायला दिलं. इंग्रजीत. पत्र तात्यांच्या तोंडचं होतं: कामाच्या दिवसांची चुकीची माहिती माझ्याकडून दिली गेली, त्याची पूर्ण जबाबदारी माझी, आणि व्यवस्थापन जो निर्णय घेईल तो मला मान्य आहे.

“सही घेऊन ये त्यांची,” सर म्हणाले. “म्हणावं, नवीन मीटर बसल्याची पोच आहे.”

मी उभीच राहिले.

“अगं, काय झालं? तात्यांना काय कळणार आहे? तसंही आता त्यांचं वय झालं. मालक काही उपाशी नाही ठेवणार.” हे त्यांनी अगदी मायेनं सांगितलं. टेबलावरच्या बडीशेपेच्या डबीतून चिमूटभर घेतली आणि डबी माझ्यापुढं सरकवली. घे, म्हणून.

मी घेतली नाही. हा माझा त्या दिवशीचा पहिला पराक्रम.

तात्या पॅनेल रूममध्ये चष्मा पुसत बसले होते. मला बघून म्हणाले, “या म्याडम. कागूद दिसतोय. कुठं करू सही?” आणि खिशातून पेन काढलंसुद्धा. विचारलंही नाही कशाची. मी आणलाय, म्हणजे मी वाचलाय, म्हणजे ठीक असणार.

मी म्हणाले, “थांबा. आधी वाचून दाखवते.” आणि एकेक वाक्य इंग्रजीतून मराठीत सांगत गेले. माझा आवाज इतका बारीक येत होता की त्यांनी पंखा बंद केला.

ऐकून झाल्यावर त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “म्हंजी मी चुकलो व्हय?” आणि कपाटातून तक्त्याची कच्ची वही काढून बोटानं ओळी मोजायला लागले. शु, श, र. तीनदा मोजल्या. माणूस स्वतःवर अशी शंका घेताना बघणं फार घाण वाटतं, आणि ती शंका आपण वाहून आणलेली असते तेव्हा जास्तच.

“तुम्ही नाही चुकलात,” मी म्हणाले. “त्यांनी ओळी चुकीच्या वारांना लावल्या. मला दिसलं होतं.”

“कधी?”

“सह्या व्हायच्या आधी.”

“मग बोलली न्हाईस?”

“नाही.”

“का गं?”

याचं उत्तर माझ्याकडे दोन्ही भाषांत नव्हतं. तात्यांनी पेन परत खिशाला लावलं. “फाईल घे,” म्हणाले. “चल.”

मालकांच्या केबिनमध्ये मी पहिल्यांदाच न बोलावता गेले. टेबलावर तात्यांचं वहीचं पान ठेवलं, शेजारी कराराचा तक्ता, आणि ‘गुरुवार?’वर बोट ठेवलं. “हे मी लिहिलं होतं,” म्हणाले. “मी वाचलं होतं, पण सांगितलं नाही. तात्यांनी बरोबरच दिलं होतं.” तेवढ्यात मॅनेजर सर आत आले, आणि कागद बघून हसायला लागले, एखाद्या लहान मुलानं पाहुण्यांसमोर काही बोलून टाकावं तसे.

मालकांनी दोन्ही कागद बघितले. मग पत्र मागून घेतलं. वाचलं. सरांना विचारलं, “हे तुम्ही लिहिलं?”

“सल्लागार म्हणाले, एखाद्याचं लेखी असलेलं बरं.”

“करार दुरुस्त होतो का?”

“होतो, पण पुन्हा मुंबईहून मंजुरी, पुन्हा फी, दोन-तीन महिने...”

मालकांनी पेन हातात घेतलं. मला वाटलं, आता ते त्या सल्लागाराला फोन लावतील आणि झाडतील. त्यांनी पत्र उलटं केलं, पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडं दिलं. “हे टाइप कर, बाळा. मराठीत. बोर्डावर लाव.”

लिहिलं होतं: येत्या आठवड्यापासून साप्ताहिक सुट्टी गुरुवारऐवजी रविवारी राहील.

झालं. कुणाचंच चुकलं नाही. सल्लागाराचा तक्ता बरोबर ठरला, कारण आता कारखानाच चुकीच्या दिवशी चालू लागला होता.

नोटीस मी लावली, त्यामुळे ती माझीच आहे असं सगळ्यांना वाटलं. गोण्या शिवायला सणसरकडून येणाऱ्या मावशी दर गुरुवारी बाजारात स्वतःच्या शेतातली मेथी-शेपू घेऊन बसायच्या. बोर्ड वाचून घेतल्यावर त्या मला म्हणाल्या, “रविवारी काय इकू गं? तुझ्या इंग्रजी शाळंला सुट्टी असती म्हणून आमालाबी रविवार व्हय?” मागून कुणीतरी म्हणालं, “म्याडमला मॉलला जायाचं आसंल.” सगळे हसले. मी खाली बघितलं. खरं काय झालं ते सांगायला तोंड उघडलं असतं तर तात्यांच्या पत्राचीही गोष्ट निघाली असती, आणि ती निघायला तात्यांना नको होती. तेवढं त्यांनी मला सांगितलं होतं.

तात्यांची नोकरी राहिली. पहिल्या चालू गुरुवारी ते पॅनेल रूमच्या दारात उभे राहून बाजाराकडं जाणारे ‘छोटा हत्ती’ टेंपो आणि मोटरसायकली बघत होते. मला म्हणाले, “बघितलंस? पाळी चुकली, तर पाटकऱ्याला न्हाय हलवलं. रानच उचलून पाण्याखाली नेऊन ठिवलं.” रागावून नव्हे. पाऊस बरा आहे म्हणावं तसं. मला मात्र त्यांच्या त्या शांतपणाचीसुद्धा चीड आली. आणि जाता जाता ते म्हणाले, “तू व्हतीस म्हणून वाचलो, पोरी.” ते ऐकून मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

महिन्याभरानं सल्लागार पुन्हा आला. नवं बिल चांगलं आलं होतं, त्याचा हार, नारळ, गुलाबाचा स्प्रे; मालक, मॅनेजर सर, सगळे जमलेले. तात्या पॅनेलचे आकडे घेऊन आले आणि दारापाशी उभे राहिले. सल्लागारानं त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाला, “शेवटी म्हातारबुवा वार शिकले म्हणायचे.” आणि हसला. मी हसायची वाट बघत.

मी तात्यांकडे वळले. “सर म्हणतायत, शेवटी म्हातारबुवा वार शिकले,” मी मराठीत म्हणाले. “आणि पहिल्या मीटिंगला म्हणाले होते, या लोकांना सगळं चमच्यानं भरवावं लागतं. ते तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.”

मॅनेजर सरांनी बडीशेपेची डबी उघडली आणि तशीच बंद केली. मालक माझ्याकडं बघत होते. मी हात फाइलीखाली घातले.

तात्यांनी आकड्यांचा कागद सल्लागारापुढं ठेवला. “बरं झालं सांगितलंस,” मला म्हणाले. मग त्याला म्हणाले, “साहेब, ह्ये आकडे वाचता येत्यात का बघा. न्हायतर ही पोरगी हाय. तिला इचारा. आता सांगती ती.”