हृदयाची चिठ्ठी आणि बर्फाचा डबा

लॅबमधल्या रक्ताच्या नळ्या वेळ झाली की टाकून देता येतात. किस्से मात्र साचतच जातात. दारव्ह्यातल्या आमच्या छोट्या लॅबमधले निम्मे किस्से तर यवतमाळला सवाऱ्या अन् आमचे नमुने नेणाऱ्या सलीमभाईंच्या जीपमधून आलेत!

सलीमभाईंचे थोरले भाऊ रशीदभाई कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर. त्यांना धाप लागायची. कापसाची धूळ छातीत बसली, असं अख्खा मोहल्ला सांगायचा. त्या वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला अन् जिनिंग लवकर बंद पडलं. रशीदभाई डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, मशीन बंद होऊन दोन महिने झाले, पन माहा भोंगा चालूच हाये!"

डॉक्टर चपापले. धूळ नाही, तर मग हृदय तर नाही?

*

आता हृदयाच्या हार्मोनची तपासणी करायची होती. डॉक्टरांनी सलीमभाईंना समजावलं, "हृदयावर ताण आला की ते हा हार्मोन सोडतं. मूत्रपिंडाला निरोप जातो, पाणी बाहेर काढ, माझा भार हलका कर. पण एन्झाइमं त्या हार्मोनचे तुकडे करत असतात."

"म्हंजे दिल बिचारं चिठ्ठी लिवते, अन् हे बयताड रस्त्यातच फाडते?"

"अहो, तेही कामच आहे. जुन्या चिठ्ठ्या साठून कसं चालेल? पण नळीतल्या रक्तातही हे चालूच राहतं. म्हणून नमुना यवतमाळला बर्फातच जायला हवा."

"बर्फ मी आनतो!" म्हणत सलीमभाई थेट गोळेवाल्याकडे धावले.

*

रिपोर्ट आला नॉर्मल! पण रशीदभाईंच्या पायांवर सूज होती, डॉक्टरांना काही पटेना. मी सलीमभाईंना नमुन्याच्या बर्फाच्या डब्याचं विचारलं. वाटेत तांड्यावरच्या रुपलीआजीला उन्हानं चक्कर आली, म्हणून बर्फ तिला दिला म्हणे.

"सगळा?"

"डब्यात खून होतं, भाऊ. बुढी जित्ती होती!"

बर्फाविना चिठ्ठी वाटेतच फाटली होती. पण मीही तेच केलं असतं.

*

दुसऱ्या खेपेला डबा घेऊन मीच बसलो. आमच्याकडे मागे दोघं लटकल्याशिवाय जीप सुटत नाही. त्या दिवशी सलीमभाईंनी ती रिकामी काढली! स्टँडवर एकानं हळूच विचारलं, "कोन गेलं?"

या वेळी रिपोर्ट बोलला. हृदयच होतं. गोळ्या सुरू झाल्या, सूज उतरली, रशीदभाई आडवे झोपू लागले. वहिनींची लगेच तक्रार, "आधी धापेनं झोपू देत नव्हते, आता घोरून घोरून!" ऐकून मला फार बरं वाटलं.

*

पण खरा किस्सा त्या रिकाम्या जीपमधलाच. अर्ध्या वाटेत, फाट्यावर, भर उन्हात रुपलीआजी हात करून उभी! सलीमभाईंचा पाय सवयीनं ब्रेकवर गेला. मी डबा पोटाशी घट्ट धरला.

"आजी, यात माह्या भावाचा जीव हाये," सलीमभाई म्हणाले.

आजी जीपमध्ये चढली अन् तिनं माझ्या हातातून डबा ओढूनच घेतला. मांडीवर ठेवला, बाटलीतल्या पाण्यानं ओढणी भिजवून त्याला गुंडाळली, अन् यवतमाळपर्यंत तशीच बसून राहिली.

उतरताना तिनं डबा माझ्या हातात दिला.

"घे रे बापू, मोजून घे. एक बी खडा नाई खाल्ला!"