दोन नंबरचा साग

आलापल्लीला बाबूभाईंच्या लाकूड डेपोत सागाच्या ओंडक्याचा घेर टाकला की एक नंबर, दोन नंबर अशी प्रत सांगणारं फंक्शन कहकशाँनं लिहिलं. ते 'इम्युटेबल', म्हणजे कधीच न बदलणारं, असं तिनं डेटाबेसला सांगितलं, म्हणून त्यानं प्रतवार सूची आधीच करून ठेवली. सोबत काम करणाऱ्या स्वप्निलनं न विचारता, किती घेराला कोणती प्रत, हे फंक्शनमधले आकडे बदलले. सूची जुनीच राहिली.

सुतार इस्तारीभाऊंना तिनं ती सूची पाहून तीनदा परत पाठवलं, "दोन नंबरचा माल नाई, भाऊ." चौथ्यांदा ते यार्डात जाऊन स्वतः टेप लावून आले.

"दोन नंबरच्या घेराचे चार ओंडके पडले हायेत. खोटं काऊन सांगितलं, पोरी?"

स्वप्निल म्हणाला, "कॉम्प्युटर चुकला."

"नाई," कहकशाँ म्हणाली. "त्यानं माह्यावर भरोसा केला, अन् मी तुह्यावर."