उंब्रजच्या अलीकडं जीन्स, पलीकडं साडी

मी बारावीला होते तेव्हा टीव्हीवर जीन्सची एक जाहिरात लागायची. जेमतेम अर्ध्या मिनिटाची असेल. एक मुलगी सायकलवरून येते. पुढं ओढा, त्यावरचा पूल वाहून गेलेला. पलीकडच्या काठावर तीन-चार बाप्ये उभे असतात, ते हात हलवून तिला 'परत जा' म्हणून सांगत असतात. ती त्यांच्याकडं एकदा बघते, सायकल खांद्यावर घेते आणि गुडघाभर पाण्यातून सरळ चालत येते. काठावर आल्यावर सायकल टेकवते, ओले हात स्वतःच्याच मांड्यांवर पुसते आणि निघून जाते. मग एका पुरुषाचा भारदस्त आवाज हिंदीत विचारायचा, 'किससे पूछना?' तोही पुरुषच, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

साताऱ्यात आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. जाहिरात लागली की मी हातातलं काम टाकून टीव्हीसमोर यायचे. आई भाजी निवडता निवडता म्हणायची, "पाठ भरेल की पोरीची. सायकल कडेनं ढकलत न्यावी." वडील म्हणायचे, पूल दुरुस्त करायचं सोडून हे काय दाखवतात. मला मात्र त्या मुलीचं हात पुसणं फार आवडायचं. आमच्याकडं हात पुसायला फडकं असतं, ते फडकं खुंटीला असतं, आणि खुंटीपर्यंत पोचेतो कुणीतरी दुसरं काम सांगतं.

ती जाहिरात माझ्याखेरीज कुणालाच आठवत नाही. नवऱ्याला विचारलं, बहिणीला विचारलं. मुलानं फोनवर तासभर शोधली. फोनवर सगळं सापडतं म्हणतात, ही मात्र सापडली नाही. शेवटी तो म्हणाला, "आई, तू स्वप्नात बघितली असशील." मी चिडले. अर्धं आयुष्य एखाद्या गोष्टीनं पोखरावं आणि ती स्वप्नातली निघावी, हे मला परवडणारं नव्हतं.

लग्न होऊन मी विट्याला आले. विट्याची माणसं देशभर गलाईची दुकानं घालतात, म्हणजे जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करून द्यायचं. आमचं दुकान सुरतेला होतं. दुकानाच्या मागच्या खोलीत भट्टी आणि वर राहायची जागा. गिऱ्हाईक जास्त असलं की मीही खाली हाताला हात लावायचे. ॲसिडचा एक थेंब उडाला की सिंथेटिक साडीला वाटाण्याएवढं भोक. सहा महिन्यांत माझ्या चार साड्या चाळणीसारख्या झाल्या, तेव्हा हे स्वतः बाजारात जाऊन माझ्यासाठी जीन्स घेऊन आले. जाड, निळी, कमरेत जरा सैल. मला म्हणाले, "दुकानात घालत जा. टिकंल."

मी ती घातली आणि आरशासमोर उभी राहिले. मग मोरीवर जाऊन मुद्दाम हात ओले केले आणि मांड्यांवर पुसले. हे कुणाला सांगितलं तर हसतील, पण त्या दिवशी मी खरंच खूप आनंदात होते. पुढं मी भाजी आणायला, मुलाला शाळेत सोडायला, सगळीकडं जीन्सच घालायला लागले. सुरतेत कुणी मान वळवून बघितलं नाही.

पहिल्यांदा गावी निघालो तेव्हा गाडीत मोठे दीर आणि जाऊबाई होत्या. त्यांचंही दुकान तिकडंच. खंबाटकी घाट उतरला, सातारा मागं पडला, आणि उंब्रजला जाऊबाईंनी गाडी थांबवायला सांगितली. मला वाटलं, चहा. त्यांनी डिकीतून दोन पिशव्या काढल्या, एक माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "चल. हितं नेसायचं."

"इथं का?"

"कराडात भावकीतलं कोण ना कोण भेटतंच. त्याच्या आधी उरकायचं."

म्हणजे ही रीतच होती. गुजरातेतून, राजस्थानातून, पंजाबातून दिवाळीला, जत्रेला, लग्नाला येणाऱ्या आमच्याकडच्या कितीतरी बायका या रस्त्यावर कुठंतरी उतरायच्या आणि सुना होऊन परत गाडीत बसायच्या. आमचं ठिकाण उंब्रजच्या हॉटेलाच्या मागच्या बाथरूमचं. पहिल्या बाथरूमला कडी नव्हती, म्हणून दुसरं घ्यायचं. खाली पाणी. एका पायाची चप्पल काढून दुसऱ्या पायावर उभं राहायचं, निऱ्या दातात धरायच्या, पिना ओठात. पदर ओला होऊ नये म्हणून तो गळ्याभोवती गुंडाळायचा. बाहेर जाऊबाई पहाऱ्याला. मी बाहेर आले की त्या आत आणि मी पहाऱ्याला. जीन्सची वळकटी करून प्लास्टिकच्या पिशवीत घालायची आणि ती स्टेपनीखाली सारायची.

पहिल्या वेळी मला हसू आलं होतं. पाचव्या-सहाव्या वेळी राग यायला लागला. एकदा मूल अंगावर पीत होतं, ते गाडीत रडतंय आणि मी आत निऱ्या मोजतेय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. परत गाडीत बसल्यावर मी यांना विचारलं, "हे कुणासाठी?"

"माझी काही हरकत नाही," हे म्हणाले. "मीच तर आणून दिलीय तुला. पण आईला चालायचं नाही."

"त्या म्हणाल्या तसं?"

"म्हणायला कशाला पाहिजे? तू एकदा विचारून बघ."

"तुमची आई आहे. तुम्ही विचारा."

"बायकांच्या कपड्याचं मी कसं विचारू?"

जाऊबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, आपलं काय नाही गं, पण तुझ्या दिरांना आवडत नाही. दीर म्हणाले, आमचं काय नाही, गाव नावं ठेवतं. गावाला कुठं जाऊन विचारणार? प्रत्येकाची हरकत दुसऱ्याच्या घरी राहायला गेलेली. मी वर्षानुवर्षं तिचा पत्ता शोधत होते आणि शेवटी तो माझ्या सासूबाईंच्या दारात येऊन थांबायचा. त्यांना मी आत्या म्हणते, आमच्याकडं तशीच पद्धत आहे. आत्या वाईट बाई नाहीत. मला कधी टाकून बोलल्या नाहीत, माझ्या माहेरावर कधी घसरल्या नाहीत. पण गाडी दारात लागली की त्या पायरीवर उभ्या असायच्या आणि मला डोक्यापासून पायापर्यंत बघायच्या. त्या नजरेला मी पंचवीस वर्षं घाबरले आणि पंचवीस वर्षं मनातल्या मनात तिच्याशी भांडले.

तीन वर्षांपूर्वी मुलानं दुकान सांभाळायला घेतलं आणि आम्ही दोघं विट्याला कायमचे राहायला आलो. आता उंब्रज नाही, बाथरूम नाही, काहीच नाही. जीन्स कपाटात, रजयांच्या खाली. मी रोज साडीत. बाहेर रस्त्यानं कॉलेजच्या मुली जीन्स घालून जातात, बँकेतली बाई जीन्स घालून येते, किराणा दुकानदाराची पन्नाशीची बायको परवा जीन्स घालून स्कूटीवरून गेली. मी अंगणातून बघते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. कुणावर होतो तेही धड कळत नाही. यांना म्हटलं तर म्हणतात, "घाल की मग. धरलंय कुणी?"

मुलाचं गेल्या वर्षी लग्न झालं. सून जन्मली-वाढली सुरतेतच, तीही गलाईवाल्याचीच मुलगी. लग्नानंतर देवकार्याला आली तेव्हा नवरीच होती, शालूतच आली आणि शालूतच गेली. यंदा दसऱ्याला दोघं पहिल्यांदा स्वतःच्या गाडीनं येणार होते. मी मनाशी पक्कं ठरवलं होतं. माझं झालं ते झालं, हिला रस्त्यात कपडे बदलायला लावायचं नाही. ती जीन्समध्ये दारात उतरेल, आत्या काय बोलायचं ते बोलतील, मी मध्ये उभी राहीन, आणि एकदा ती कोंडी फुटली की कपाटातली माझीही बाहेर काढीन. यांना तसं बोलून दाखवलं. शेजारणीलाही बोलून दाखवलं. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी.

दुपारी सुनेचा फोन आला. "आई, उंब्रजला पोचलोय. मी जीन्समध्येच आहे. तशीच आले तर चालेल ना?"

माझ्यासमोर आत्या सोफ्यावर बसून मालिका बघत होत्या. मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि म्हणाले, "माझी काही हरकत नाही गं. पण आजी आहेत ना घरात. त्यांना चालायचं नाही."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी पुढं तिला हॉटेल कुठलं ते सांगितलं, गाडी मागच्या बाजूला लाव म्हटलं, आणि पहिल्या बाथरूमला कडी नाही, दुसरं घे, तेही सांगितलं.

"आई, ते हॉटेलच नाही आता," ती म्हणाली. "रस्ता रुंद केला त्यात गेलं. बघते काहीतरी." फोन ठेवला. मी ओट्याला टेकून उभी राहिले. माझी मलाच लाज वाटत होती, पण परत फोन काही लावला नाही.

तासाभरानं गाडी आली. सून साडीत उतरली. साडी कशी, तर बोचक्यासारखी. निऱ्या एका बाजूला गेलेल्या, पदर दोरीसारखा. आत येऊन ती आत्यांच्या पाया पडायला वाकली, तेव्हा साडीच्या खालून निळे पाय दिसले. गाडीच्या आडोशाला उभं राहून तिनं जीन्सवरच साडी गुंडाळली होती.

आत्यांनी चष्मा वर केला. "ही काय गं खाली?"

"जीन्स आहे, आजी."

"मग वरनं हे कशापायी गुंडाळलंस? उकडत न्हाई व्हय?"

"आई म्हणाल्या, तुम्हाला चालायचं नाही."

आत्या माझ्याकडं बघायला लागल्या. त्या नजरेत राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, आणि मला त्याचीच चीड आली. "मी कवा म्हनलं?" त्यांनी विचारलं. "मला काय करायचंय पोरींच्या कापडांचं? समद्या जगानं घातलीय."

"तुम्ही दारात उभ्या राहून बघायचात, आत्या," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "दरवेळी. वरपासून खालपर्यंत."

"बघायची की. एवढ्या लांबनं साडी नेसून बसत्यात पोरी, अंग आंबून जात आसंल, असं वाटायचं मला. थोरलीला एकदा म्हनलं बी, तिकडं घालताय ती कापडं घालून या की. तर म्हनली, धाकटीला साडीचीच लय आवड हाय."

जाऊबाई आता जगात नाहीत. त्यांच्याशी भांडायचीही सोय राहिली नव्हती. मी म्हणाले, "मला विचारायचं होतं तुम्ही."

"कशी विचारू? तुला वाटलं आसतं, म्हातारी साडीवरनं टोमणा मारती."

सून तिथंच उभ्या उभ्या पिना काढायला लागली होती. साडी उतरवून तिनं सोफ्यावर टाकली आणि हुश्श करून पंख्याखाली बसली. आत्या तिच्याकडं बघून खुशीत मान हलवत होत्या. मग मला म्हणाल्या, "तुझी बी आसंल की. जा, घालून ये. मला बघू तर दे."

मी खोलीत गेले. दार लावलं. रजया उपसून जीन्स काढली. डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता, घडीवर पांढरी रेघ पडली होती. पाय घातले, वर ओढली. मांड्यांशी अडली. पलंगावर आडवी झाले, श्वास आत घेतला, परत ओढली. बटण आणि काजं यांच्यात चार बोटांचं अंतर राहिलं. मी तशीच आढ्याकडं बघत पडून राहिले.

बाहेरून आत्यांनी हाक मारली, "घातलीस का गं?"

"होत नाही आता, आत्या," मी म्हणाले.