उभ्या चौकटीत न मावलेला नंबर

"टाक ना ती रील! बाकीच्यांनी कधीच टाकली!" संपादक सर माझ्या खुर्चीमागे उभे राहून ओरडत होते.

मी मालवणात एका न्यूज चॅनेलच्या रील्स एडिट करते. चॅनेल कसलं, दोन खोल्या आणि फोनवरचं एक पेज. त्या सकाळी उलटलेल्या होडीचा व्हिडिओ फिरत फिरत आला. कुठली खाडी, पत्ता नाही.

व्हिडिओ आडवा होता आणि रील असते उभी. मग दोन्ही कडा कापायच्या, म्हणजे क्रॉप करायचं. होडीवरचं 'देवी सातेरी' हे नाव चौकटीत बसत होतं. पुढचा नोंदणीचा नंबर उडत होता.

"सर, सातेरीच्या नावाच्या होड्या गावोगाव आहेत. नंबराशिवाय कोणाची ते कळणार कसं?"

"पहिल्या तीन सेकंदांत नाव दिसलं की लोक थांबतात. त्यालाच हुक म्हणतात. नंबर वाचायला कोण बसलंय?"

"ज्यांची माणसं समुद्रात आहेत, ती बसलीत!"

सरांनी माउस हिसकावला आणि स्वतःच पोस्ट केलं. असा संताप आला म्हणून सांगू!

थोड्याच वेळात शोभाकाकी धावत आल्या. मासळी विकतात, शेजारीच राहतात. हातातल्या फोनवर तीच रील चालू होती.

"गो, ह्यां खरां? माझो सुनील 'देवी सातेरी'वरच आसा. फोन लागणा नाय!"

मी मूळ व्हिडिओ मोठ्या स्क्रीनवर लावला. नंबर पुसट होता. झूम केला. काकी स्क्रीनला नाक लावून बघत होत्या.

"नाय गो! आमचो नाय ह्यो नंबर!" काकी स्क्रीनपासून मागे सरल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "पण मगे ही कोणाची पोरां?"

मी फोनाफोनी केली. होडी आरोंदा गावाची निघाली. माणसं पोहून काठाला लागली होती. दुपारी सुनीलही घरी आला.

सरांनी रील काढली. मी नंबरासकट, सगळे सुखरूप असल्याची दुसरी टाकली. ती कुत्र्यानेही पाहिली नाही. पहिली मात्र लोकांनी फोनवर उतरवून पुढे धाडली होती. दुरुस्ती चालत जाते, रील धावत.

पुढे एकदा काकींकडे बांगडे घ्यायला गेले होते. मुंबईहून त्यांच्या बहिणीचा फोन आला, नुसता हंबरडा. ती रील तिला आत्ता पोचली होती. जाळं शिवत बसलेल्या सुनीलने फोन घेतला.

"मावशे, मी जितो आसंय गो! रडतस कित्याक?"

"पण मी व्हिडिओत बघलंय मां!" मावशी म्हणाली, आणि रडतच राहिली.