नेटिव्हांचं गाव

मी खालापूरच्या बाजूचा. आमचं गाव घाटाच्या पायथ्याशी, आणि गाडी धरायची तर भल्या पहाटे निघून कर्जत स्टेशनापर्यंत चालत यावं लागे. पहिलं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. एका संस्थानाची शिष्यवृत्ती मिळाली आणि मी जंगलशास्त्र शिकायला अमेरिकेत सिॲटलला गेलो. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथले गरीब विद्यार्थी बोटीने उत्तरेला, अलास्कात, मासे डब्यात भरण्याच्या कारखान्यांत कामाला जात. मीही गेलो.

कारखाना एका खाडीच्या तोंडाशी होता. दिवसभर थंड पाणी, माशांचं रक्त आणि डब्यांचा खणखणाट. मी भरलेल्या डब्यांची गाडी ढकलत असे. वाटेत लागणाऱ्या लांब फळीवर तिथल्या मूळच्या जमातीच्या बायका मासे साफ करत. त्यांतली एक बाई माझ्या आईच्या वयाची होती. तिच्या जमातीचं नाव त्लिंगित. मला ते काही नीट म्हणता येईना. तिने चार-पाचदा म्हणवून घेतलं आणि मग हसून नाद सोडला. तिचं इंग्रजी कामापुरतं होतं: आण, ने, हळू, सुरी दे. माझा वर्ण आणि काळे सरळ केस पाहून आधी तिला मी दक्षिणेकडच्या कुठल्या तरी जमातीतला वाटलो होतो. समुद्रापलीकडून आलोय म्हटल्यावर तिने विचारलं, "तिकडेही गोरे आहेत?"

"आहेत. राज्यच त्यांचं आहे."

तिने मान डोलावली आणि पुढचा मासा ओढला.

एका शनिवारी ती मला म्हणाली, "उद्या सुट्टी आहे. मी बोटीने गावात जाते आहे. माझी मुलगी तिथे शाळेत राहते. तू येशील? तुला इंग्रजी चांगलं येतं."

"मुलीशी बोलायला इंग्रजी कशाला?"

"ती आता तेच बोलते," बाई म्हणाली. "गेल्या खेपेला तिचं अर्धं बोलणं मला समजलं नाही."

रविवारी सकाळी आम्ही त्या गावात उतरलो. पाऊस भुरभुरत होता. गाव लहानसंच, किनाऱ्याला धरून वसलेलं. लाकडी घरं, मासेमारीच्या होड्या आणि मागे बर्फाचे डोंगर. भर रस्त्याच्या मधोमध एक रशियन देऊळ होतं. त्याच्या हिरव्या घुमटाचा आकार कांद्यासारखा. बाईच्या आजोबांच्या वेळी तिथे रशियाचं राज्य होतं. रशियन लोक समुद्री जनावरांच्या कातड्यांसाठी आले आणि राहिले. त्यांची वस्ती आणि बाईच्या लोकांची वस्ती यांच्यामध्ये मोठमोठ्या ओंडक्यांचं कुंपण होतं. ते कुठून कुठवर गेलं होतं, हे तिने चालता चालता मला हाताने दाखवलं. आता तिथे दुकानं होती. "संध्याकाळी दार लावून घ्यायचे," ती म्हणाली. "आमची माणसं बाहेर."

देवळात बाकं नव्हती, सगळे उभे होते. चांदीच्या पत्र्यात मढवलेल्या तसबिरींपुढे मेणबत्त्या जळत होत्या आणि उदाचा वास भरला होता. जमलेले बहुतेक तिच्याच जमातीचे. एक म्हातारा खड्या आवाजात काहीतरी म्हणत होता आणि बायका मागून ते उचलत होत्या. मला ते रशियन वाटलं. बाई कानाशी येऊन म्हणाली, "हे आमच्या भाषेत आहे. त्यांच्या पाद्र्यांनी आमच्या भाषेत प्रार्थना लिहिली."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "म्हणजे ते बरे होते."

तिने माझ्याकडे पाहिलं. "आधी त्यांनी आमच्या गढीवर तोफा डागल्या. प्रार्थना मागाहून. मग त्यांनी हे सगळं अमेरिकेला विकलं आणि निघून गेले. आमचं होतं ते त्यांनी कसं विकलं, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही."

शाळेत भेटीची वेळ दुपारची होती. आम्ही भिजलो होतो, भूकही लागली होती. धक्क्याजवळ एक खाणावळ दिसली तशी मी दाराकडे वळलो. बाई जागीच थांबली. काचेमागे पुठ्ठ्याची पाटी होती: नेटिव्हांना प्रवेश नाही.

आमच्याकडे नेटिव्ह म्हणजे आम्ही. मुंबईत तो शब्द मी साहेबाच्या तोंडून ऐकला होता, पाट्यांवर वाचला होता. घरापासून इतक्या लांब, जिथे मला कोणी ओळखत नव्हतं, तिथेही तो आधीच येऊन बसला होता. पायरीवर उभा राहून मी ती पाटी पुन्हा वाचली. तेवढ्यात मालक दारात आला. आधी त्याने बाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू नेटिव्ह आहेस का?"

काय उत्तर द्यावं ते मला कळेना. हो म्हणावं तर त्याच्या अर्थाने ते खोटं होतं. नाही म्हणावं तर माझ्या देशात माझ्यावर जो शब्द लादला होता तो मी या बाईच्या अंगावर ढकलून मोकळा होणार होतो. मी नुसतं म्हटलं, "मी हिंदुस्थानातला आहे. विद्यार्थी आहे."

तो क्षणभर विचारात पडला. "मग तू ये," तो म्हणाला. "ती नको."

"तू जेव," बाई मागून म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसवेना. "मी धक्क्यावर बसते."

मी उतरून तिच्याबरोबर गेलो. तिच्या पिशवीत मुलीसाठी आणलेला धुरावर सुकवलेला मासा होता. त्यातला एक तुकडा मोडून तिने मला दिला. आमच्याकडे आगोटीला, पावसाळा लागण्याआधी, घरोघर सुकट-बोंबील भरून ठेवतात, त्यामुळे त्या वासाने मला घराची आठवण झाली, आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट आठवली. आमच्या गावावर डोंगराच्या उताराला कातकऱ्यांची वाडी होती. तिथली एक बाई आमच्या शेतावर कामाला येई. मला लहानपणी तिनेच खेळवलं, मी तिला बाय म्हणत असे. ती आमच्याकडे जेवे ती अंगणात, पानावर, पायरीपासून दूर. आमच्या दाराला पाटी नव्हती, आणि तिची कधी कोणाला गरजही वाटली नव्हती. घास माझ्या हातात तसाच राहिला.

शाळा गावाच्या टोकाला होती, स्वच्छ आणि नीटनेटकी. भेटीच्या खोलीत एक गोरी शिक्षिका खिडकीशी विणत बसली होती. मुलगी आली. बारा-तेरा वर्षांची, केस कानाशी कापलेले, पायांत काळे बूट. बाईने उठून तिचे दोन्ही हात धरले आणि ती आपल्या भाषेत भराभर बोलू लागली. मुलगी ऐकत होती. तिला सगळं कळत होतं, ते चेहऱ्यावरून दिसत होतं. पण तिने एकदा खिडकीकडे पाहिलं आणि उत्तर इंग्रजीत दिलं. शाळेत दुसरी भाषा बोलायची नाही असा नियम होता.

बाई माझ्याकडे वळली. मुलीचं पुस्तकी इंग्रजी मी कारखान्यातल्या मोडक्या इंग्रजीत करून आईला सांगू लागलो. तिच्यात आणि तिच्या पोटच्या पोरीत मी, एक परका माणूस, दुभाषा म्हणून बसलो होतो.

"आजी आजारी आहे, असं हिला सांगितलं मी," बाई म्हणाली. "सुट्टीत घरी येशील का, ते विचारलं."

मुलगी माझ्याकडे बघून बोलली. "मला एका कुटुंबात कामाला ठेवणार आहेत. घर चांगलं आहे. मला तिकडे यायचं नाही. तिथे सगळ्याला माशांचा वास येतो. आणि आजी बोलते ते मला आता विसरायला झालंय, मला लाज वाटते." शेवटचं वाक्य ती इतकं हळू बोलली की खिडकीपर्यंत गेलं नसावं.

मी बाईला म्हटलं, "ती म्हणते, तिला काम आहे. येता यायचं नाही."

"ती त्याहून जास्त बोलली."

"हो."

"सगळं सांग."

मग मी सगळं सांगितलं, माशांच्या वासाचंही. बाईने पिशवीतला मासा काढला. शिक्षिकेने मान वर करून सौम्यपणे सांगितलं की बाहेरचं खाणं मुलींना देता येत नाही. बाईने तो पुन्हा गुंडाळला. निघताना मुलीने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

परतीच्या बोटीत बाई म्हणाली, "रशियनांनी कुंपण घातलं तेव्हा आमची मुलं आमच्या बाजूला होती." दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी फळीवर उभी होती. हंगाम संपल्यावर मी सिॲटलला परतलो. ती पुन्हा भेटली नाही, आणि त्या मुलीचं पुढे काय झालं तेही मला कधी कळलं नाही.

मी मायदेशी परतलो तेव्हा माझे वडील, आबा, थकले होते. जंगलखात्यात जागा मिळेना, म्हणून शेत बघत होतो. त्याच सुमारास कर्जतच्या काही सुशिक्षित मंडळींनी वाड्यांवरच्या मुलामुलींसाठी वसतिगृह काढायचं ठरवलं. माणसं भली होती, स्वतःच्या खिशाला खार लावून काम करणारी. अमेरिकेहून आलेला म्हणून वसतिगृह मी चालवावं असा त्यांचा आग्रह होता. मी बैठकीला गेलो. नियम ठरत होते: मुलांचे केस कापायचे, रोज अंघोळ, आणि आपसांत शुद्ध मराठीच बोलायची.

मी त्यांना त्या गावाची हकीगत सांगितली. म्हटलं, शाळा वाड्यांजवळ काढू, मुलांना रात्री घरी जाऊ दे. निदान बोलीचा नियम नको.

मंडळींतले एक वकील शांतपणे म्हणाले, "अहो, ते परके लोक होते. आपण का परके आहोत? ही आपलीच माणसं."

"आपली म्हणतो, पण ओटीवर घेतो का?"

वकिलांनी विषय बदलला. मी ती जागा घेतली नाही. माझं बरोबर होतं की चूक, याचा निवाडा मला आजवर करता आलेला नाही. माझ्या जागी जो मास्तर आला तो कडक होता, आणि बोलीचा नियम राहिला.

बायची नात त्या वेळी नऊ-दहा वर्षांची होती. मी वाडीवर जाऊन बायला सगळं सांगितलं. झोपडीपुढे बसून ती कंद सोलत होती.

"म्हंजी तितं आमची बोली बोलाय द्येत नाय?" तिने विचारलं.

"नाही. माझं ऐकशील तर पाठवू नकोस."

कंद सोलता सोलता ती म्हणाली, "तू शिकलास रं. साता समुद्रापल्याड ग्येलास. तुला कोन नको म्हनला?"

"मला कोणी माझी भाषा सोड म्हटलं नव्हतं, बाय."

"त्ये बी खरं हाय. पन हितं ऱ्हायली तर कोळशाच्या भट्टीवर जानार, माज्यासारखी. मंग बोली घिऊन काय करंल? जाऊं दे तिला."

पोर गेली. मी बायला म्हटलं, आमच्याकडे येशील तेव्हा ओटीवर बसत जा. आबांनी मान फिरवली, पण नाही म्हणाले नाहीत. ती एकदाच बसली, अगदी कडेला, अंग चोरून. पुढे कामाला आली की पाणीसुद्धा मागेनाशी झाली. कारण विचारलं तर म्हणाली, "वर बसवतूस, मंग मला तुमच्यात कसं बसायचं त्ये कळत नाय."

वसतिगृह दोन-तीन पावसाळे चाललं आणि बंद पडलं. बाकीची मुलं वाड्यांवर परतली. बायची नात तेवढी परतली नाही. ती कर्जतमध्येच, बैठकीतल्या त्या वकिलांच्या घरी कामाला राहिली. धुणं, भांडी, मुलांना सांभाळणं. लिहायला वाचायला येत होतं, पण त्याचा तिथे काही उपयोग नव्हता.

एका बाजाराच्या दिवशी मी कर्जतला गेलो होतो. वकिलांच्या घरामागच्या बोळात बाय बसलेली दिसली. बाजारात मोळी विकून ती तिथे आली होती.

"इकडं का बसलीस?" मी विचारलं.

"पोरीनं सांगितलंय. फुडल्या दारानं येऊ नगं म्हनली." तिने पदराने तोंड पुसलं. "तिचं बी बराबर हाय. मालकीन बोलती तिला."

मी तिच्याजवळ दगडावर टेकलो. पुढून जाऊन वकिलांशी दोन शब्द बोलावेत असं मनात आलं. पण त्याचा त्रास पोरीलाच झाला असता. थोड्या वेळाने मागचं दार उघडलं आणि ती आली, हात ओले, परकर खोचलेला. मला पाहून ती संकोचली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "काका, तुम्ही कधी आलात?" मी काहीतरी उत्तर दिलं आणि उठून जरा बाजूला गेलो.

ती आजीसमोर उकिडवी बसली. दोघी हलक्या आवाजात बोलू लागल्या. ती कातकरी बोली होती. पोर मधेच अडखळत होती, थांबत होती, आणि म्हातारी तिला शब्द पुरवत होती. मला त्यातलं काही समजलं नाही. आतून कोणीतरी हाक मारली तशी पोर उठली, आणि दार लागलं.

बाय तिथेच बसून होती. मी तिला म्हटलं, चल, ऊन चढतंय. आम्ही दोघं चालत गावाकडे निघालो.